न बोलणाऱ्याची शुश्रूषा

एका पांखराच्या मरणापासून आजच्या भाषणाचा आरंभ करावा लागत आहे, याबद्दल प्रथम आपली क्षमा मागतों. पांखरूं अगदींच लहान होतें. ज्याला बाजारांत झेब्रा फिंच म्हणतात त्या मूळच्या ऑस्ट्रेलियांतील जातीचें. वजन जेमतेम एक तोळा. माझ्या नातीनें वाढदिवसाची भेट म्हणून हट्टानें मागून घेतलेली ती जोडी आमच्या गॅलरींतील पिंजऱ्यांत वर्षभर नांदत होती. नराच्या गालांवर नारिंगी ठिपके आणि कुशींवर पांढऱ्या टिकल्या, म्हणून त्याचें नांव टिकल्या. मादीचें नांव चिमी.

गेल्या पौषांत दोन दिवस टिकल्या पिसें फुगवून एका कोपऱ्यांत बसून राहिला. नातीनें विचारलें, "आजोबा, हा असा कां बसला आहे?" मीं छत्तीस वर्षें शाळेंत मुलांना शिकविलें, "मला ठाऊक नाहीं" असें म्हणण्याची माझ्या जिभेला संवय राहिलेली नाहीं. मीं तत्काळ सांगितलें, "थंडी पडली आहे, म्हणून अंग फुगवून ऊब धरतो आहे. बघ, कसा गुबगुबीत दिसतो!" तिसऱ्या दिवशीं सकाळीं टिकल्या पिंजऱ्याच्या तळाशीं मरून पडलेला आढळला. त्याला उचलून हातांत घेतलें तेव्हां कळलें कीं, तो गुबगुबीत मुळींच नव्हता. फुगविलेल्या पिसांखालीं छातीचें हाड सुरीच्या पात्यासारखें बोटांना लागत होतें.

नात फारशी रडली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, "त्याला बरें नव्हतें, तर त्यानें आपल्याला सांगितलें कां नाहीं?" या वेळीं मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हतें. मी केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य; प्राणिशास्त्राशीं माझा संबंध शाळेच्या क्रमिक पुस्तकापुरता. परंतु इतिहास हा विषय मीं आयुष्यभर शिकविला, आणि न सुटणारा प्रश्न इतिहासाकडे घेऊन जाण्याची खोड मला जडली आहे. पिंजऱ्यांतल्या लहानशा पांखराचें दुखणें माणसानें आजवर कसें ओळखलें, आणि ओळखल्यावर काय केलें, याचा शोध घेतां घेतां जें हातीं लागलें, तें आज आपणांसमोर ठेवतों.

नातीच्या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देतां येतें. रानांतलें लहान पांखरूं आपलें दुखणें सांगत नाहीं, कारण सांगणें म्हणजे मरणें. थव्यांत जें मंद हालतें, जें मागें राहतें, त्याच्यावरच ससाण्याची दृष्टि जाते. म्हणून अंगांत त्राण आहे तोंवर तें इतरांसारखेंच दाणे टिपण्याचें सोंग करतें, इकडून तिकडे उडतें, आणि सोंग टिकविण्याची शक्ति संपली म्हणजेच पिसें फुगवून बसतें. याचा अर्थ असा कीं, आपल्याला जो आजाराचा पहिला दिवस वाटतो, तो पुष्कळदां शेवटच्या दिवसांपैकीं एक असतो. पिंजऱ्यांत ससाणा येत नाहीं. परंतु हजारों पिढ्यांची ही संवय पिंजऱ्याच्या गजांनीं सुटत नाहीं.

आतां आपल्या देशाकडे वळूं. प्राण्यांच्या वैद्यकाची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. हत्तींसाठीं पालकाप्य मुनींच्या नांवावर चालत आलेला हस्त्यायुर्वेद आहे, घोड्यांसाठीं शालिहोत्राचें शास्त्र आहे, आणि शिकारीच्या ससाण्यांसाठीं कुमाऊंच्या रुद्रदेव राजाचें श्यैनिकशास्त्र आहे. त्यांत ससाण्याच्या दुखण्यांवर उपचारही दिले आहेत. हत्ती युद्धाचा, घोडा स्वारीचा, ससाणा शिकारीचा. राजांना ज्यांची गरज होती त्यांना वैद्य मिळाला. दोन पैशांना मिळणाऱ्या मुनियेला वैद्य कोण देणार?

तो मिळाला, पण दरबारांत नव्हे, बाजारपेठेंत. पिएत्रो देल्ला व्हाले नांवाचा रोम शहरचा एक सुखवस्तु प्रवासी १६२३ सालीं गुजराथेंत आला होता. जहांगीर बादशहाचा तो काळ. खंभात बंदरांत फिरतांना त्याला तेथील लोकांनीं पांखरांचा दवाखाना दाखविला. आजारी, लंगडीं, जोडीदार गमावलेलीं अशीं सर्व प्रकारचीं पांखरें तेथें ठेवून घेत, त्यांना खाऊं-पिऊं घालीत, आणि सांभाळणाऱ्या माणसांचा निर्वाह लोकांनीं दिलेल्या दानावर चाले. रानचीं पांखरें बरीं झालीं कीं सोडून देत. घरगुती असलीं तर तीं नीट सांभाळील अशा गृहस्थाच्या हवालीं करीत. या प्रवाशानें तेथें आणखी एक दृश्य पाहिलें. आई मेलेलीं उंदराचीं कांहीं पिलें तेथें आणून ठेवलीं होतीं. पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध गृहस्थ नाकावर चष्मा लावून बसला होता. पेटींत कापूस घालून त्यांत त्यानें तीं पिलें ठेवलीं होतीं, आणि पांखराच्या पिसाच्या टोंकानें तो त्यांना दूध पाजीत होता.

श्रोतेहो, हें वर्णन वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलों. त्या म्हाताऱ्याचें नांव प्रवाशानें लिहून ठेवलेलें नाहीं. पण चारशें वर्षांपूर्वीं त्यानें केलेली व्यवस्था आपण नीट पाहिली, तर तींत लहान जिवाच्या उपचाराचें सारें सार आहे. प्रथम ऊब, म्हणून कापूस. मग निवारा, म्हणून पेटी. अन्न द्यावयाचें तें त्या जिवाच्या मापानें, म्हणून चमचा नव्हे, पीस. आणि या सगळ्यांच्या आधीं नाकावरचा चष्मा; म्हणजे जवळ जाऊन पाहण्याची तयारी. माझ्याही नाकावर चष्मा आहे. टिकल्याच्या वेळीं तो वर्तमानपत्र वाचण्याच्या कामीं आला.

याच गुजराथच्या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. खंभातजवळच्याच अहमदाबादेहून त्या काळीं लाल मुनियांचा मोठा व्यापार चाले. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ सालीं हिंदुस्थानांत आला. पुढें जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याकडेही तो वैद्य म्हणून जाऊन आला. अहमदाबादेहून येणाऱ्या, अंगावर तांबडे-पांढरे बारीक ठिपके असलेल्या या पांखरांचें त्यानें वर्णन केलें आहे. एका पिंजऱ्यांत पन्नास-पन्नास कोंडलेलीं. एकानें सूर धरला कीं बाकीचीं सारीं साथ देत. शहराच्या नांवावरूनच इंग्रजींत या पांखराला 'अमदवात' आणि पुढें 'अवदवात' म्हणूं लागले, आणि १७५८ सालीं स्वीडनच्या लिनीअस पंडितानें शास्त्रीय नांव देतांना 'अमंडावा' असें त्याचें लॅटिन रूप करून टाकलें. पुढें लखनौच्या शौकिनांनीं तर या इवल्याशा लालांच्या झुंजी लावल्या. एकाच प्रांतांत, पन्नास वर्षांच्या अंतरानें, एका परक्या प्रवाशाला पांखरांचा दवाखाना दिसला आणि दुसऱ्याला पन्नास पांखरांचा पिंजरा. माणसाचा पांखरांशीं असलेला संबंध तेव्हांपासून आजवर या दोन टोंकांमध्येंच हेलकावे खात आला आहे.

युरोपांत याच सुमारास काय चाललें होतें? हॉलंडच्या हेग शहरांतील मॉरिट्सहाउस संग्रहालयांत कारेल फाब्रिसियस या चित्रकारानें १६५४ सालीं रंगविलेलें एक लहानसें चित्र आहे. भिंतीवरच्या दांडीवर एक गोल्डफिंच बसला आहे आणि त्याच्या पायांत बारीक सांखळी आहे. या जातीला त्या काळीं एक करामत शिकवीत. लहानशी बादली सांखळीनें वर ओढून आपलें पाणी आपणच काढावें लागे. पाहणाऱ्यांची करमणूक होई. पण विचार करा, पायांतली सांखळी आपण अडकविली म्हणूनच त्या जिवाला ओढ्याचें पाणी बंद झालें. ज्यानें सांखळी घातली त्याच्याकडेच पाणी देण्याचें कर्तव्य आलें, आणि तें त्यानें पुन्हां पांखराच्याच गळ्यांत बांधलें.

गोल्डफिंच हा युरोपचा आपला पक्षी. कॅनरी मात्र अटलांटिक महासागरांतील बेटांवरून आली. तीहि फिंच कुळांतलीच. पंधराव्या शतकांत स्पेननें तीं बेटें जिंकलीं आणि हीं गाणारीं पांखरें युरोपांत जाऊं लागलीं. १५५५ सालीं झूरिकच्या कॉनराड गेस्नर यानें आपल्या पक्षिविषयक ग्रंथांत तिची नोंद केली. रानांतली कॅनरी हिरवट-करडी असते. पिंजऱ्यांतल्या वीणीनें ती पिवळी झाली. प्रथम ती सरदार घराण्यांत होती, मग सामान्य कुटुंबांत आली. आणि पांखरूं घरांत आलें म्हणजे त्याच्या मागोमाग त्याचीं दुखणीं येतात आणि दुखण्यांमागून पुस्तकें येतात.

या पुस्तकांतील उपचार वाचतांना हंसूंही येतें आणि वाईटही वाटतें. पाण्यांत गंजलेला खिळा टाकावा, केशर घालावें, अशक्त पांखराला मद्याचा थेंब द्यावा, असे हे उपाय आहेत. सर्वांत शोचनीय कथा शेपटीच्या मुळाशीं असलेल्या ग्रंथीची आहे. तेथें पांखराला जन्मतःच एक तेलाची ग्रंथि असते. चोंचीनें तें तेल घेऊन तें आपलीं पिसें माखतें. पांखरूं मलूल झालें कीं मालक त्याला उलटून पाही, आणि तेथें हा उंचवटा दिसला कीं गळूं झालें असें समजून सुईनें फोडी. जें अवयव होतें त्याला रोग ठरविलें, आणि जो रोग होता तो तसाच राहिला. ही चूक करणारे लोक दुष्ट नव्हते. त्यांना कांहीं तरी करावयाचें होतें, आणि काय झालें आहे हें पाहण्याआधींच करावयाचें होतें. टिकल्याच्या बाबतींत मीं कांहींच केलें नाहीं, त्यांनीं नको तें केलें. पण दोघांचें चुकलें एकाच ठिकाणीं.

या ग्रंथकारांत एक माणूस निराळा दिसतो. योहान मॅथेउस बेक्स्टाइन हा जर्मनींतील वनविद्येचा अध्यापक होता. १७९५ सालीं त्यानें घरांत पाळावयाच्या पांखरांचा सृष्टिइतिहास प्रसिद्ध केला. त्याच्याही पुस्तकांत गंजलेला खिळा सुटलेला नाहीं. तरी त्याची मांडणी मला फार महत्त्वाची वाटते. प्रत्येक जातीविषयीं लिहितांना तो दोन रकाने करतो : हें पांखरूं रानांत कोठें राहतें आणि पिंजऱ्यांत कसें ठेवावें, रानांत काय खातें आणि पिंजऱ्यांत काय द्यावें. म्हणजे पिंजरा हा स्वतंत्र संसार नसून रानाची उणी पडलेली नक्कल आहे, आणि जेथें ती उणी पडते तेथूनच दुखणें शिरतें, ही दृष्टि या मांडणींत आहे. आपण शाळामास्तर याला रोगाचें कारण शोधण्याची पद्धत म्हणूं.

जर्मनींतच हार्ट्झ नांवाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील सांक्ट आंद्रेआसबर्ग हें चांदीच्या खाणींचें गांव. एकोणिसाव्या शतकांत तेथील खाणकामगारांच्या घरांघरांतून कॅनरीची पैदास होई. दिवसा पुरुष भूगर्भांत, आणि घरांत भिंतीवर लाकडाचे लहान लहान पिंजरे. मंद, घोळून गाणाऱ्या त्या कॅनरीला साऱ्या युरोपांत मागणी होती. पाठीवरच्या घोडीवर शेंकडों पिंजरे रचून फेरीवाले त्या दूरदूरच्या शहरांत नेत. खाणीच्या काळोखांत राबणाऱ्या माणसाला घरीं आल्यावर हें गाणें हवेंसें वाटावें, यांत नवल नाहीं. परंतु लवकरच दुसऱ्या एका देशांत खाणकामगाराचें पांखरूं घरांतून उचलून खाणींत न्यावें लागलें.

२७ जानेवारी १८९६ रोजीं दक्षिण वेल्समधील टायलर्सटाउन येथील कोळशाच्या खाणींत मोठा स्फोट झाला आणि ५७ माणसें मेलीं. चौकशीसाठीं डॉ. जॉन स्कॉट हॉल्डेन हे शरीरशास्त्रज्ञ तेथें गेले. त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन हे १९५७ सालीं भारतांत येऊन येथलेच झाले आणि १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले, हें श्रोत्यांपैकीं कित्येकांना स्मरत असेल. मृतांची तपासणी केल्यावर पित्याला आढळलें कीं, बहुतेक माणसें स्फोटाच्या धक्क्यानें किंवा आगीनें मेलीं नव्हतीं. स्फोटानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइड वायूनें त्यांचा जीव घेतला होता. या वायूला रंग नाहीं आणि वासही नाहीं. तो रक्ताला प्राणवायु वाहूं देत नाहीं, आणि माणसाला आपण गुदमरतों आहों हें कळण्याच्या आधींच त्याचे पाय लटके पडतात.

मग माणसाला सूचना द्यावयाची कोणी? हॉल्डेन यांनीं सुचविलें कीं, लहान उष्ण रक्ताचा प्राणी बरोबर न्यावा. त्याच्या शरीराचा व्यापार माणसापेक्षां फार जलद चालतो, म्हणून विषाचा परिणाम त्याच्यावर आधीं दिसतो. प्रथम उंदीर सुचविले होते. पण उंदीर मुळांतच एका जागीं गप्प बसणारा, त्याचा आजार चटकन दिसत नसे. कॅनरीचें तसें नव्हतें. ती दांडीवर डुलूं लागे, मग खालीं पडे, आणि तें काळोखांतही दिसे. पांखराच्या श्वासाची रचना याला कारण आहे. आपण श्वास आंत घेतों तेव्हांच ताजी हवा आपल्या फुप्फुसांत जाते. पांखराच्या शरीरांत फुप्फुसांखेरीज हवेच्या पिशव्या असतात, आणि त्यांच्यामुळें श्वास आंत घेतांना व बाहेर सोडतांनाही फुप्फुसांतून ताजी हवा वाहत राहते. उंच उडण्यासाठीं निसर्गानें दिलेली ही देणगी. पण हवेंत विष असेल तर तेंही त्याला दुप्पट मिळतें.

१९११ पासून ब्रिटनच्या खाणींवर कॅनरी ठेवण्याची पद्धत रूढ झाली. येथवरचा इतिहास पुष्कळांना ठाऊक असतो, आणि तो ऐकून आपण म्हणतों, माणूस किती निर्दय! आपला जीव वांचविण्यासाठीं पांखराचा जीव! पण याच्या पुढचा भाग फारसा सांगितला जात नाहीं. मँचेस्टरच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयांत या कामीं वापरलेला एक पिंजरा ठेवलेला आहे. त्याच्या दर्शनी बाजूस जाळी लावलेलें गोल दार आहे आणि माथ्यावर प्राणवायूची छोटी नळकांडी बसविलेली आहे. पांखरूं खालीं पडलें कीं, खाणकामगारानें दार लावावयाचें आणि नळकांडीची कळ फिरवावयाची. प्राणवायु आंत भरे आणि पांखरूं पुन्हां शुद्धीवर येई. स्वतः विषारी हवेंत उभा असलेला माणूस आधीं पांखराची कळ फिरवून मग मागें वळे.

हीं माणसें आपल्या कॅनरीशीं शीळ घालून बोलत, त्यांना लाडीगोडी लावीत. १९८६ सालच्या डिसेंबर महिन्यांत ब्रिटिश सरकारनें जाहीर केलें कीं, यापुढें विजेचीं यंत्रें हें काम करतील आणि उरलेल्या दोनशेंहून अधिक कॅनरींना कामावरून मोकळें करण्यांत येईल; तेव्हां त्या पांखरांचा निरोप घेणें कित्येक कामगारांना जड गेलें. पाऊणशें वर्षें त्यांनीं पांखराकडे डोळ्यांत तेल घालून पाहिलें होतें. घरांत पांखराचें दुखणें न पाहणाऱ्याचें कांहीं बिघडत नाहीं. खाणींत तें न पाहणारा मरे. म्हणून खाणकामगार पाहावयास शिकला, आणि पाहतां पाहतां त्याला त्या पांखराची माया जडली. क्रम कसा उलटा आहे पहा! आपण समजतों, माया असली म्हणजे लक्ष राहतें. येथें लक्ष ठेवल्यामुळें माया उत्पन्न झाली.

आजाऱ्याची सेवा या अर्थीं आपण 'शुश्रूषा' हा शब्द वापरतों. संस्कृतांत 'श्रु' म्हणजे ऐकणें. त्यापासून इच्छार्थक रूप होऊन हा शब्द सिद्ध झाला आहे. शुश्रूषा म्हणजे मूळ अर्थानें ऐकण्याची इच्छा. मीं हा शब्द वर्गांत किती वेळां फळ्यावर लिहून दाखविला असेल! पण जो बोलतच नाहीं त्याचें ऐकावयाचें कसें, हें मला मॅट्रिकच्या संस्कृतानें शिकविलें नाहीं. तें टिकल्यानें शिकविलें.

आतां घरांत फिंच बाळगणाऱ्यांसाठीं, या इतिहासांतून आणि आजच्या पशुवैद्यांच्या सांगण्यावरून जें निष्पन्न होतें, तें थोडक्यांत सांगतों. रोज सकाळीं दाणा घालतांना दोन मिनिटें नुसतें पाहावें. दिवसा पिसें फुगवून बसणें, दोन्ही पायांवर बसून झोंपणें, श्वासाबरोबर शेपटी खालींवर होणें, विष्ठेचा रंग बदलणें, गाणें बंद होणें, यांपैकीं एकही गोष्ट दिसली तर तीच त्याची हांक समजावी. दाण्याच्या वाटींत टरफलें सांचलेलीं असतात आणि वाटी भरलेली दिसते; म्हणून फुंकर घालून खालीं दाणा उरला आहे कीं नाहीं तें पाहावें.

दुखणें दिसतांच पांखराला निराळ्या लहान पिंजऱ्यांत, शांत जागीं ठेवावें. पिंजऱ्याच्या एका अंगाला ऊब द्यावी. तेथील उष्णता ३० अंशांच्या आसपास असावी, आणि नकोशी वाटली तर सरकण्यास दुसरें अंग मोकळें असावें. आजारी पांखराची सारी शक्ति अंग गरम ठेवण्यांत खर्च होते. ऊब दिली म्हणजे तीच शक्ति दुखण्याशीं झगडण्यास मोकळी होते. दाणा-पाणी तळाशीं, चोंचीजवळ ठेवावें. एवढ्याशा शरीरांत शिल्लक अशी कांहीं नसते. एक दिवसाचा उपास देखील त्याला झेपत नाहीं. चोंच उघडून पाणी ओतूं नये, तें श्वासनलिकेंत जातें. माणसांचीं औषधें देऊं नयेत. आणि हें सर्व करीत असतां पांखरांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे नेण्याची व्यवस्था करावी; ऊब हा उपचाराचा आरंभ आहे, उपचार नव्हे. जुन्या पुस्तकांत ज्याला नुसतें 'दमा' म्हणत, त्याचें एक कारण फिंच आणि कॅनरी यांच्या श्वासनलिकेंत राहणारी बारीक गोचिडीच्या जातीची कीड हें आहे. तिचें शास्त्रीय वर्णन १९४८ सालीं झालें. श्वास घेतांना टिक्‌टिक् असा बारीक आवाज येतो. तिच्यावर आज औषध आहे. पण त्याचें माप तोळाभर वजनाच्या जिवासाठीं वैद्यानेंच ठरवावें.

आणखी एक गोष्ट खाणीकडून घरानें शिकण्यासारखी आहे. न चिकटणारा लेप दिलेला तवा रिकामा राहून फार तापला, तर त्यांतून निघणाऱ्या वाफांनीं पांखरें मिनिटांत मरतात. डास मारण्याच्या वड्या, उदबत्त्या, रंगाचा वास, यांनींही त्यांच्या फुप्फुसांना त्रास होतो. टिकल्याचा पिंजरा थंडींत रात्रीं आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशीं ठेवीत असूं, आणि तेथेंच डासांची उदबत्ती जळत असे. त्यानेंच तो मेला असें मी म्हणूं शकत नाहीं. पण त्या उदबत्तीचा विचार मनांतून जात नाहीं.

आतां आपली लाल मुनिया पिंजऱ्यांत ठेवणें कायद्यानें गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर, १९९०-९१ पासून देशी रानपांखरांच्या व्यापारास बंदी झाली, हें योग्यच झालें. जीं घरांत दिसतात तीं झेब्रा फिंच किंवा बंगाली फिंच. आणि यांतील बंगाली फिंच हें नांवापुरतेंच बंगाली. आपल्याकडेही आढळणाऱ्या पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून जपानांत अडीचशें वर्षांत तयार झालेली ती माणसाळलेली जात आहे. हीं पांखरें पिंजऱ्यांतच जन्मतात. सोडून दिलीं तर जगत नाहींत. खंभातच्या दवाखान्यांतून रानच्या पांखराला आकाशांत सोडतां येत असे. आपल्याला तोही मार्ग नाहीं. म्हणून आपली जबाबदारी त्यांच्याहून अधिक आहे.

शेवटीं चिमीविषयीं सांगून संपवितों. आषाढांत एके सकाळीं ती दांडीवरून उतरून तळाशीं बसली. पिसें फुगलेलीं, शेपटी श्वासागणिक हालत होती. नातीनें मला हांक मारली नाहीं, ती स्वतःच गरम पाण्याची पिशवी टॉवेलांत गुंडाळून घेऊन आली, आणि मग म्हणाली, "आजोबा, तुमचा चष्मा कोठें आहे?" आम्ही दोघांनीं पाहिलें. पोट फुगलेलें दिसत होतें. एका खोक्यांत ऊब करून तिला आम्ही पशुवैद्याकडे नेलें. अंडें अडलें होतें. नर नसला तरी मादी अंडीं घालते, हें मला तेव्हां कळलें. वैद्यांनीं औषध दिलें, ऊब तशीच ठेवण्यास सांगितलें. आणि संध्याकाळीं दिवेलागणीच्या सुमारास खोक्याच्या तळाशीं वाटाण्यापेक्षां थोडें मोठें असें एक पांढरें अंडें पडलेलें दिसलें. चिमी त्याच्याकडे पाठ करून दाणे टिपीत होती.

आमच्या शहाणपणानें ती वांचली असें मी म्हणणार नाहीं. अर्धा दिवस उशीर झाला असता तर तीहि गेली असती. पण या वेळीं तिनें सांगितलें आणि आम्हीं ऐकलें, एवढें खरें. नातीनें मला पुन्हां तो जुना प्रश्न विचारला नाहीं. त्याचें उत्तर तिला माझ्याआधीं कळलें होतें. टिकल्यानेंही दोन दिवस सांगितलें होतें. ऐकावयाचें राहिलें तें माझ्याकडून.